पाकिटातील तयार जेवण : वेष्टनावरील आकडे व घरचे ताट

रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस, खाडीवरील पूल ओलांडला की भाट्ये गाव लागते. काजळी नदी येथे समुद्रास मिळते. किनाऱ्यावर सुरूचे बन आहे व पावसकडे जाणाऱ्या रस्त्यालगत प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राच्या बागा आहेत. हे केंद्र १९५५ साली स्थापन झाले. दापोली येथील कृषि विद्यापीठ १९७२ साली अस्तित्वात आले. आज हे केंद्र त्याच्या, म्हणजे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषि विद्यापीठाच्या, अखत्यारीत आहे. बाणवली, प्रताप यांसारख्या नारळाच्या जाती आणि नारळात जायफळ, दालचिनी, काळी मिरी अशी आंतरपिके घेण्याची पद्धत यांमुळे हे नाव कोकणातील बागायतदारांच्या परिचयाचे आहे.

अशा बागायती भागात अन्नाला तोटा नाही, असे सहज वाटते. भात, कुळीथ, नारळ, शेवगा, केळी, फणस हे सारे हाताशी आहे. तरीही रत्नागिरीच्या बाजारपेठेत व लहानसहान दुकानांतही आता पाकिटातील तयार जेवण विकावयास असते. डाळ-भात, राजमा, छोले, पालक-पनीर, भाज्यांची आमटी असे पदार्थ त्यात शिजवून बंद केलेले असतात. पाकीट गरम पाण्यात काही मिनिटे ठेवावे व फोडून खावे, एवढेच काम उरते. कामावरून उशिरा परतणाऱ्या स्त्रीला, शिक्षणासाठी शहरात खोली घेऊन राहणाऱ्या मुलाला किंवा एकट्या वृद्धाला ही सोय मोलाची वाटते. ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु पाकिटावरील हिरवे ठिपके व सुंदर चित्र पाहून त्यास पूर्ण जेवण समजणे मात्र योग्य होणार नाही. ते पूर्ण जेवण आहे की नाही, याचे उत्तर त्याच पाकिटाच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत छापलेले असते. ते वाचता आले पाहिजे.

पाकिटातील अन्न टिकते कसे?

अन्न हवाबंद करून उष्णतेने टिकविण्याची रीत फ्रान्समधील निकोलस अपेर यांनी १८१० साली पुस्तकरूपाने जगापुढे मांडली. त्यांनी काचेच्या बाटल्या वापरल्या. पुढे पत्र्याचे डबे आले व विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुख्यतः सैनिकांच्या शिधेच्या गरजेतून, लवचिक पाकिटे आली. आपल्या देशात म्हैसूर येथील संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने भारतीय पदार्थांसाठी या तंत्रावर काम केले. तिची स्थापना १९६१ सालची आहे. महाराष्ट्रातही हा उद्योग रुजला असून पुणे जिल्ह्यातील भांडगाव येथील टेस्टी बाईट या कारखान्यातून शाकाहारी तयार डाळी-भाज्या परदेशांतील बाजारांतही जातात.

या पाकिटास अनेक थर असतात. बाहेर पॉलिएस्टर, मध्ये ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा व आत पॉलिप्रोपिलीन अशी सामान्य रचना असते. शिजविलेला पदार्थ भरून, हवा काढून, तोंड बंद करून हे पाकीट दाबाच्या वाफेत सुमारे १२१ अंश सेल्सिअस उष्णतेस ठराविक वेळ ठेवतात. या उष्णतेत रोगजंतू व त्यांची चिवट बीजाणुरूपेही नष्ट होतात. म्हणून असे अन्न शीतकपाटाशिवाय महिनोन्‌महिने टिकते व त्यासाठी टिकाऊपणाची रसायने घालण्याची गरज राहत नाही. ‘पाकिटातील अन्न म्हणजे औषध घातलेले अन्न’ हा समज या प्रकारच्या पाकिटांपुरता तरी बरोबर नाही.

या प्रक्रियेत प्रथिने, स्निग्ध पदार्थ, कॅल्शियम व लोह बहुतांशी शिल्लक राहतात. क जीवनसत्त्व व ब१ जीवनसत्त्व मात्र उष्णतेने बऱ्याच प्रमाणात कमी होतात. म्हणून पाकिटातील जेवणासोबत काही ताजे व कच्चे खाणे हिताचे असते.

वेष्टनावर काय छापलेले असते?

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ साली झाला. त्याखालील २०२० सालच्या विनियमांनुसार वेष्टनबंद अन्नावर पोषणाची माहिती छापणे बंधनकारक आहे. ती बहुधा इंग्रजीत असते. तथापि त्यातील शब्द ठराविक आहेत व गावातील शाळकरी मुलेही ते वाचून दाखवू शकतील. एनर्जी म्हणजे उष्मांक, प्रोटीन म्हणजे प्रथिने, कार्बोहायड्रेट म्हणजे कर्बोदके, टोटल फॅट म्हणजे एकूण स्निग्धांश, सॅच्युरेटेड फॅट म्हणजे संपृक्त स्निग्धांश, ॲडेड शुगर म्हणजे वरून घातलेली साखर व सोडियम म्हणजे मुख्यतः मिठातून येणारा क्षार.

तंतू, कॅल्शियम, लोह व जीवनसत्त्वे यांचे आकडे, तसा विशेष दावा केला नसेल तर, छापलेच पाहिजेत असे नाही. म्हणून ते नसल्यास पदार्थात ती सत्त्वे मुळीच नाहीत, असे समजू नये. मात्र ती भरपूर आहेत, असेही समजू नये.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. जो घटक सर्वांत अधिक, तो प्रथम. ‘डाळ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थाच्या यादीत प्रथम पाणी, मग टोमॅटो, मग तेल व नंतर डाळ असा क्रम आढळला, तर त्या डाळीत डाळ किती असेल याचा अंदाज आकडे न पाहताही करता येतो. हिरव्या चौकोनातील हिरवे ठिपके पदार्थ शाकाहारी असल्याची खूण आहे. दूध व दुधाचे पदार्थ त्यात असू शकतात. ती खूण पौष्टिकतेची नव्हे.

एका पाकिटाचा हिशेब

आकडे अनेकदा १०० ग्रॅम पदार्थासाठी दिलेले असतात आणि पाकीट मात्र तीनशे ग्रॅमचे असते. वाचणारा फसतो तो येथेच. म्हणून प्रथम पाकिटाचे वजन पाहावे व त्याप्रमाणे आकडे वाढवून घ्यावेत.

हिशेब समजण्यासाठी एक काल्पनिक पाकीट घेऊ. हे आकडे कोणत्याही एका कंपनीचे नाहीत. समजा, डाळ-भाताचे ३०० ग्रॅमचे पाकीट आहे व त्यावर १०० ग्रॅमसाठी पुढील आकडे आहेत : उष्मांक १३०, प्रथिने ३ ग्रॅम, कर्बोदके १७.५ ग्रॅम, एकूण स्निग्धांश ५.३ ग्रॅम, संपृक्त स्निग्धांश २.५ ग्रॅम, सोडियम ३५० मिलिग्रॅम.

आकडे आपसांत जुळतात की नाही, हेही पडताळता येते. प्रथिने व कर्बोदके यांच्या प्रत्येक ग्रॅमपासून ४ उष्मांक व स्निग्धांशाच्या प्रत्येक ग्रॅमपासून ९ उष्मांक मिळतात. वरील पाकिटात प्रथिनांचे १२, कर्बोदकांचे ७० व स्निग्धांशाचे सुमारे ४८, असे मिळून १३० होतात. म्हणजे हिशेब बरोबर आहे.

आता संपूर्ण पाकीट खाल्ले तर तिप्पट करावी. उष्मांक ३९०, प्रथिने ९ ग्रॅम, स्निग्धांश सुमारे १६ ग्रॅम, संपृक्त स्निग्धांश ७.५ ग्रॅम व सोडियम १,०५० मिलिग्रॅम.

वेष्टनावरील टक्केवारीसाठी दिवसाचे प्रमाण २,००० उष्मांक, ६७ ग्रॅम स्निग्धांश, २२ ग्रॅम संपृक्त स्निग्धांश, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर व २,००० मिलिग्रॅम सोडियम असे धरलेले आहे. २,००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ, म्हणजेच चहाचा एक सपाट चमचा. या मापाने आपल्या पाकिटातून दिवसाच्या उष्मांकांचा पाचवा हिस्सादेखील पुरता मिळत नाही. मिठाचा मात्र निम्म्याहून अधिक हिस्सा त्यातच संपतो. पोट अर्धे भरले व मीठ पूर्ण जेवणाहून अधिक गेले, असा हा व्यवहार झाला. त्यावर लोणचे व पापड घेतल्यास उरलेला हिस्साही त्याच जेवणात संपावयाचा. रक्तदाबाचा विकार असलेल्या माणसाने ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

घरच्या ताटाशी तुलना

भाट्येसारख्या गावातील साधे दुपारचे ताट घ्यावे. १०० ग्रॅम तांदळाचा भात, ३० ग्रॅम कुळथाच्या पिठाची पिठी, शेवग्याच्या पाल्याची किंवा माठाची १०० ग्रॅम भाजी, त्या दोहोंत मिळून २० ग्रॅम ओले खोबरे, ५ ग्रॅम तेल व सर्व मिळून २ ग्रॅम मीठ. कुळथात शेकडा सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. तांदळात ती सात-आठ ग्रॅम असतात. ओल्या खोबऱ्यात शेकडा ३३ ते ४१ ग्रॅमपर्यंत स्निग्धांश असतो व त्यातील सुमारे नऊ-दशांश भाग संपृक्त असतो. या मापांनी दोहोंची तुलना अशी होते :

उष्मांक : पाकिटात ३९०, घरच्या ताटात सुमारे ६००.
प्रथिने : पाकिटात ९ ग्रॅम, घरच्या ताटात सुमारे १७ ग्रॅम.
संपृक्त स्निग्धांश : दोहोंत सुमारे साडेसात ग्रॅम.
सोडियम : पाकिटात १,०५० मिलिग्रॅम, घरच्या ताटात सुमारे ८०० मिलिग्रॅम.

घरचे ताट प्रथिनांत जवळजवळ दुपटीने सरस आहे. शिवाय भाताच्या प्रथिनांत जे उणे असते ते कुळीथ भरून काढतो आणि कुळथात जे उणे असते ते भात भरून काढतो. पालेभाजीतील कॅल्शियम व तंतू यांची भर वेगळीच. तांदूळ उकडा असेल तर त्यात ब१ जीवनसत्त्वही अधिक टिकलेले असते.

परंतु संपृक्त स्निग्धांशाच्या बाबतीत घरचे ताट पाकिटाहून चांगले ठरत नाही, हेही स्वच्छपणे सांगितले पाहिजे. याचे कारण खोबरे होय. नारळ हे आपले मुख्य पीक असले, तरी त्याच्या गुणांबरोबर त्याचे हे स्वरूपही बागायतदारास ठाऊक असावे. २० ग्रॅम खोबरे पथ्यास बाधक नाही. पण भाजीत खोबरे, आमटीत वाटप, वर सोलकढीत नारळाचा रस असे तिन्ही एकाच जेवणात आले की वजन कोठल्या कोठे जाते. ज्या दिवशी मलई, लोणी किंवा नारळाचा रस असलेले पाकीट खावयाचे असेल, त्या दिवशी इतर पदार्थांत खोबरे टाळावे, हा सोपा नियम होय.

कोणाला किती लागते?

वेष्टनावरील २,००० उष्मांकांचे माप सर्वांना सारखे लागू पडत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली ठरविलेल्या प्रमाणानुसार मध्यम श्रम करणाऱ्या पुरुषास दिवसाला २,७१० व स्त्रीस २,१३० उष्मांक लागतात. जड श्रमांत हे आकडे अनुक्रमे ३,४७० व २,७२० होतात. प्रथिने पुरुषास ५४ ग्रॅम व स्त्रीस सुमारे ४६ ग्रॅम धरली आहेत.

नारळीच्या बागेत आळी खणणाऱ्या मजुरास एका जेवणातून अकराशे-बाराशे उष्मांक मिळावयास हवेत. त्याला वरील एक पाकीट म्हणजे तिसरा हिस्सा झाला. तो दोन पाकिटे खाईल तर उष्मांक तरीही अपुरे पडतील आणि सोडियम मात्र एकाच जेवणात दिवसाच्या प्रमाणाबाहेर जाईल. उलट लहान मुलाला सोडियमचे प्रमाण मोठ्या माणसाहून कमी हवे. मोठ्या माणसासाठी काढलेली टक्केवारी पाहून मुलाला अख्खे पाकीट देणे म्हणूनच चुकीचे ठरते. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला प्रथिने अधिक लागतात. तिचे जेवण अशा पाकिटावर भागू नये.

पाकीट वापरावयाचे तर

जेथे चूल पेटविण्यास वेळ किंवा बळ नाही, तेथे पाकीट उपाशी राहण्यापेक्षा केव्हाही बरे. त्याचा उणेपणा थोड्या खर्चात भरून काढता येतो.

पहिली गोष्ट, त्यात मीठ न घालता उकडलेले मूग, मटकी किंवा कुळीथ मिसळावेत. ३० ग्रॅम सुके मूग भिजवून उकडले तर सुमारे ७ ग्रॅम प्रथिने व १०० उष्मांक वाढतात आणि मीठ मुळीच वाढत नाही. दुसरी, एका पाकिटात साधा भात मिसळून ते दोघांत वाटावे. त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्यास येणारे मीठ निम्मे होते. तिसरी, वर लिंबू पिळावे किंवा कच्ची काकडी, टोमॅटो, पेरू यांपैकी काही खावे. त्यातून क जीवनसत्त्व मिळते व डाळीतील लोह अंगी लागण्यास मदत होते. चौथी, त्या जेवणात लोणचे, पापड व फरसाण घेऊ नये.

पाकीट फुगलेले, गळके किंवा शिवणीवर उकललेले असल्यास ते चाखूनही पाहू नये, टाकून द्यावे. मुदतीची तारीख पाहावी. फोडलेले अन्न त्याच वेळी संपवावे. उरल्यास शीतकपाटात ठेवून लवकर खावे. एकदा फोडले की त्याचा टिकाऊपणा संपला.

बचत गटांसाठी इशारा

नारळ, फणस व कुळीथ यांपासून पाकीटबंद पदार्थ करून विकावेत, असा विचार अनेक महिला बचत गटांत होतो. तो स्तुत्य आहे. परंतु एक धोका सर्वांनी जाणून घ्यावा. ओल्या नारळाची आमटी, फणसाची भाजी किंवा उसळ हे कमी आंबट पदार्थ आहेत. ते घरी शिजवून प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद केले व साध्या उकळत्या पाण्यात ठेवले, तर ‘बोटुलिनम’ नावाच्या जंतूची बीजाणुरूपे १०० अंशास मरत नाहीत. हवा नसलेल्या त्या पिशवीत ती वाढतात व प्राणघातक विष तयार करतात. असे अन्न दिसण्यास व वासाला चांगले असू शकते. म्हणून १२१ अंशांची दाबयंत्रणा व ती तपासणारा जाणकार असल्याखेरीज असले ओले पदार्थ पाकिटात भरून साठवू अगर विकू नयेत.

गटांना सुरक्षित असा मार्ग कोरड्या पदार्थांचा आहे. भाजलेल्या कुळथाचे पीठ, नाचणीचे पीठ, भाजणी, सुक्या खोबऱ्याची कोरडी चटणी, वाळविलेली आमसुले यांत पाणी फार कमी असते व योग्य काळजी घेतल्यास ते टिकतात. कुळथाच्या पिठात प्रथिने आहेत. नाचणीत शेकडा साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे. विकत मिळणाऱ्या अनेक तयार जेवणांपेक्षा या साध्या पिठांचे पोषणमूल्य अधिक भरेल. मात्र वेष्टनावरील आकडे अंदाजाने छापू नयेत. अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी वा परवाना घ्यावा, त्याचा चौदा अंकी क्रमांक वेष्टनावर द्यावा व पदार्थाची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करून घ्यावी. खोबऱ्याच्या चटणीत संपृक्त स्निग्धांश व मीठ किती आहे, हे प्रामाणिकपणे छापणाऱ्या गटावर गिऱ्हाईक विश्वास ठेवील.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी महिला मंडळाच्या किंवा बचत गटाच्या बैठकीत दोन-तीन रिकामी वेष्टने घेऊन बसावे. मुलांकडून आकडे वाचवून घ्यावेत व फळ्यावर चार प्रश्न लिहावेत. पाकिटाचे वजन किती? आकडे किती ग्रॅमचे आहेत? संपूर्ण पाकिटात प्रथिने किती? संपूर्ण पाकिटात सोडियम किती? या चार प्रश्नांची उत्तरे काढता आली की निम्मे काम झाले. उरलेले काम घरच्या धान्याचे व भाजीचे माप करून त्याशेजारी मांडण्याचे आहे.

एक साधा ताळा ध्यानात ठेवावा. पूर्ण जेवण म्हणावयाचे तर त्यात मोठ्या माणसासाठी किमान पंधरा ते अठरा ग्रॅम प्रथिने असावीत व सोडियम सातशे मिलिग्रॅमच्या फार वर नसावे. पाकीट या मापास उतरले तर ते खुशाल घ्यावे. न उतरले तर त्यात मूठभर उकडलेले कडधान्य घालावे व मिठाचे इतर पदार्थ दूर ठेवावेत. वरील ताटातील ८०० मिलिग्रॅम सोडियमही या मापाच्या थोडे वरच आहे. तेव्हा घरच्या स्वयंपाकातही मिठाचा हात थोडा आवरावा. या मापांनी पाहिले म्हणजे पैसे देऊन आणलेले पाकीट व परसात पिकलेला कुळीथ यांतील कोणते केव्हा वापरावे, हे प्रत्येक घरास स्वतःच ठरविता येईल.